दाबून बसवलेली चित्रे

आमच्या विज्ञान-शिक्षकांच्या गटाने काही वर्षांपूर्वी चंद्रकलांचे एक मिनिटाचे ॲनिमेशन संगणकावर तयार करायचे ठरवले. सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे एकूण १,५०० चित्रे. प्रकाशाचे आणि सावल्यांचे गणित करून एक चौकट रंगवायला आमच्या संगणकाला सुमारे ४० सेकंद लागत. सगळ्या कामाला सोळा-सतरा तास. संध्याकाळी काम लावून आम्ही घरी गेलो आणि पहाटे वीज गेली. तोपर्यंत हजारावर चौकटी झाल्या होत्या, पण त्यांतली एकही हाती लागली नाही. आम्ही सगळ्या चौकटी थेट एकाच व्हिडिओ फाइलमध्ये भरायला सांगितले होते, आणि त्या प्रकारच्या फाइलीत कोणती चौकट कुठे ठेवली आहे याची अनुक्रमणिका काम संपल्यावर, अगदी शेवटी लिहिली जाते. अनुक्रमणिकाच नसल्याने फाइल उघडेना.

दुसऱ्या खेपेला आम्ही शहाणे झालो, पण अर्धेच. प्रत्येक चौकटीची वेगळी फाइल केली. मात्र जागा वाचावी म्हणून ती जेपेग प्रकारात आणि बरीच दाबून साठवली. काळ्या आकाशातल्या बारीक चांदण्या त्यात विरून गेल्या आणि चंद्राच्या रेखीव कडेभोवती करड्या ठिपक्यांची धूळ उठली. आपले नेमके काय चुकले हे शोधताना आम्हांला या तंत्रांच्या इतिहासात शिरावे लागले. माहिती दाबून बसवण्याची प्रत्येक रीत कोणत्या तरी विशिष्ट प्रकारची माहिती डोळ्यांपुढे ठेवून जन्मली आहे. ती माहिती कोणती, हे विसरले की घोटाळा होतो.

प्रथम दाबायची गरज किती मोठी आहे ते पाहू. आजच्या साध्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० चित्रबिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या व निळ्या छटेसाठी एकेक बाइट धरला तर एका चौकटीला ६२,२०,८०० बाइट लागतात. सेकंदाला २५ चौकटी म्हणजे साडेपंधरा कोटी बाइट आणि मिनिटाला नऊशे तीस कोटींच्या घरात. हे ओझे हलके करण्याच्या दोन रीती आहेत. एकीत उलगडल्यावर मूळ माहिती जशीच्या तशी परत मिळते. हिला आपण बिनतुटीची म्हणू. दुसरीत काही माहिती कायमची टाकून दिली जाते; ती तुटीची.

बिनतुटीची सर्वांत सोपी रीत विणकाम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. स्वेटरचा नमुना लिहिताना 'सुलट, सुलट, सुलट, सुलट' असे कोणी लिहीत नाही. '४ सुलट, २ उलट' असे लिहितात. चित्राच्या एका ओळीत ६०० काळे बिंदू सलग असतील तर '६०० वेळा काळा' एवढी नोंद पुरते. अमेरिकेत १९८४ मध्ये आलेल्या टार्गा या चित्रप्रकारात हीच सोय होती, आणि संगणकावर ॲनिमेशन करणाऱ्यांनी तो दीर्घकाळ वापरला.

या विषयाला सिद्धान्ताची बैठक मिळाली ती १९४८ साली, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतल्या क्लॉड शॅनन यांच्या निबंधाने. संदेशातील माहिती मोजता येते आणि बिनतुटीने दाबण्याला एक किमान मर्यादा असते, हे त्यांनी दाखवले. त्या मर्यादेच्या जवळ जाणारी एक सुंदर रीत एका विद्यार्थ्याने शोधली, आणि ती हकिकत शिक्षकांनी तरी लक्षात ठेवण्यासारखी आहे. एमआयटी या संस्थेत १९५१ मध्ये प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांनी वर्गाला पर्याय दिला: परीक्षा द्या किंवा निबंध लिहा. निबंधाचा विषय होता, चिन्हांसाठी सर्वांत काटकसरीची सांकेतिक लिपी कशी तयार करावी. हा प्रश्न खुद्द फॅनो आणि शॅनन यांनाही पुरता सुटलेला नव्हता, ही गोष्ट त्यांनी वर्गाला सांगितली नाही. डेव्हिड हफमन हा विद्यार्थी कित्येक महिने झगडला, कंटाळला, आणि टिपणे टाकून देऊन परीक्षेच्या अभ्यासाला लागणार तेवढ्यात त्याला उत्तर सुचले. सर्वांत कमी वेळा येणाऱ्या दोन चिन्हांपासून सुरुवात करायची आणि खालून वर जोड्या लावत जायचे. ही रीत १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही जेपेग व पीएनजी या दोन्ही प्रकारांत ती आहे. प्रश्न अनिर्णित आहे हे आधी कळले असते तर त्याने तो हाती घेतला असता का, असे आम्हांला राहून राहून वाटते.

त्यापुढची मोठी झेप हैफा येथील तेक्निऑन या संस्थेतल्या याकोब झिव आणि अब्राहम लेंपेल यांची, १९७७ आणि १९७८ सालची. भजनाच्या वहीत ध्रुवपद एकदाच पूर्ण लिहितात आणि पुढच्या प्रत्येक कडव्याखाली त्याचे पहिले एकदोन शब्द देऊन थांबतात. या दोघांची कल्पना साधारण अशीच आहे: पूर्वी येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला की तो न लिहिता 'मागे अमुक ठिकाणी पाहा' एवढेच लिहायचे. टेरी वेल्च यांनी तीत सुधारणा करून १९८४ मध्ये ती प्रसिद्ध केली. वेल्च नोकरीला होते त्या स्पेरी कंपनीने तिचे पेटंटही मागितले होते, आणि ते १९८५ च्या अखेरीस मंजूर झाले. स्पेरी पुढे दुसऱ्या एका कंपनीत विलीन होऊन युनिसिस ही कंपनी झाली.

इकडे कॉम्प्युसर्व्ह या संगणक-सेवा देणाऱ्या कंपनीने १९८७ मध्ये जिफ हा चित्रप्रकार आणला. त्यात वेल्च यांचीच रीत होती. जिफ फाइलीत एकाहून अधिक चित्रे ठेवता येत, आणि १९८९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक चित्र किती वेळ दाखवायचे हेही लिहिता येऊ लागले. म्हणजे छोटे ॲनिमेशनच. लोकांनी जिफ मुक्तहस्ताने वापरला. डिसेंबर १९९४ मध्ये मात्र अचानक जाहीर झाले की जिफ वापरणारे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांनी युनिसिसच्या पेटंटसाठी परवाना घ्यायला हवा. सात वर्षे सार्वजनिक विहिरीवर पाणी भरावे आणि मग कोणी सातबारा घेऊन यावे, तसे झाले.

संतापाची लाट उसळली खरी, पण तिच्यातून एक विधायक काम उभे राहिले. जानेवारी १९९५ मध्ये टॉमस बाउटेल यांनी नव्या, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या चित्रप्रकाराचा मसुदा संगणक-जाळ्यावर मांडला. वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांनी पत्रव्यवहार करून तो सुधारला आणि १ ऑक्टोबर १९९६ रोजी पीएनजीची पहिली अधिकृत आवृत्ती तयार झाली. आमच्या चंद्राच्या दृष्टीने यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. जिफमध्ये एका चित्रात फक्त २५६ रंग असतात, त्यामुळे गोलाच्या उजेडाकडून अंधाराकडे जाणाऱ्या भागात पट्टे दिसतात. पीएनजीमध्ये ही अडचण नाही. दुसरे असे की पीएनजी दाबण्यापूर्वी प्रत्येक बिंदूची किंमत डावीकडच्या किंवा वरच्या बिंदूपासूनच्या फरकाच्या रूपात लिहू शकते. छटा हळूहळू बदलत असेल तर हे फरक जवळजवळ सारखेच येतात आणि झिव-लेंपेल यांच्या रीतीला भरपूर 'ध्रुवपदे' मिळतात. पीएनजी रचणाऱ्यांनी हलती चित्रे मुद्दाम बाहेर ठेवली: एका फाइलीत एकच चित्र. त्या वेळी ही उणीव वाटली असेल, पण वीज जाते अशा ठिकाणी ती सोय ठरते.

आता तुटीच्या रीतीकडे वळू. तिच्या मुळाशी एक भारतीय नाव आहे. नसीर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळूरचा. अभियांत्रिकीची पदवीही तिथलीच. पुढे ते अमेरिकेत कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदानासाठी एक प्रस्ताव पाठवला: संख्यांची मालिका कोज्या-लहरींच्या बेरजेत मांडून ती कमी जागेत कशी बसवता येईल याचा अभ्यास. अनुदान मिळाले नाही. एका परीक्षकाला ही कल्पना फारच सोपी वाटली, अशी आठवण अहमद यांनी पुढे लिहून ठेवली आहे. त्यांनी काम चालूच ठेवले, आणि आपला विद्यार्थी टी. नटराजन व टेक्सासमधील सहकारी के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये चार पानी निबंध प्रसिद्ध केला. मोबाइलवर आलेला फोटो असो की दूरचित्रवाणीवरचा सामना, बहुतेक सगळ्यांत आज याच चार पानांचे गणित आहे.

ते वर्गात असे समजावता येते. आठ बाय आठ ठिपक्यांची रांगोळी घ्या आणि प्रत्येक ठिपक्याच्या जागी उजेडाची एक संख्या लिहा. या ६४ संख्यांऐवजी ६४ ठराविक लहर-नमुने कोणत्या प्रमाणात मिसळले की हा चौकोन तयार होतो, ते लिहायचे. काही नमुने संथ, म्हणजे चौकोनाच्या एका कडेकडून दुसरीकडे हळूच उजळणारे. काही द्रुत, एकाआड एक काळे-पांढरे. इथवर काहीही गमावलेले नाही. परंतु शेजारच्या बिंदूंची किंमत साधारण सारखीच असते असे गृहीत धरले, तर जवळजवळ सगळे काम संथ लहरीच करतात. द्रुत लहरींची प्रमाणे मग भरडून शून्यावर आणली तरी डोळ्याला फारसे कळत नाही. तूट येते ती या भरडण्यात.

हे गृहीतक कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्राला चपखल लागू पडते. चेहरा, आभाळ, भिंत यांत छटा सावकाश बदलतात. जेपेग समिती १९८६ मध्ये स्थापन झाली आणि १९९२ मध्ये तिचे मानक आले. तिच्या पूर्ण नावातच 'फोटोग्राफिक' हा शब्द आहे. आमच्या चौकटीत मात्र काळ्या आभाळावर एका बिंदूएवढी चांदणी होती. एकटा पांढरा ठिपका उभा करायला ६४ पैकी जवळजवळ सगळ्याच लहरी लागतात. द्रुत लहरी टाकल्या की चांदणी विरते. रेखीव कडेच्या बाबतीत, उरलेल्या लहरी एकमेकींना पुरत्या खोडून काढू शकत नाहीत आणि त्यांचे तरंग कडेबाहेर दिसू लागतात. आमची धूळ म्हणजे हेच तरंग.

चलत्-चित्रांसाठी १९८८ मध्ये एमपेग गट सुरू झाला. त्यांच्यापुढे कॉम्पॅक्ट डिस्क होती आणि तिच्यावरून सेकंदाला सुमारे दीड लाख बाइट येत. ३५२ बाय २८८ बिंदूंच्या छोट्या चित्राचेही सेकंदाला ७६ लाख बाइट होतात. म्हणजे पन्नास पटींची काटकसर हवी होती. त्यांनी कोज्या-लहरी घेतल्याच, शिवाय दोन युक्त्या केल्या. डोळा रंगापेक्षा उजेडाचा तपशील अधिक टिपतो म्हणून रंगाची माहिती चार बिंदूंना मिळून एकदाच ठेवली. आणि बहुतेक चौकटी पूर्ण न लिहिता मागच्या-पुढच्या चौकटीतला कोणता तुकडा कुठे सरकला एवढेच लिहिले. व्हिडिओ सीडी याच पायावर आली. नाचाच्या दृश्यात पडदा चौकोनी ढेकळांत फुटायचा, हे त्या सीडी भाड्याने आणणाऱ्यांना आठवत असेल. पाहण्यासाठी ही रचना उत्तम. काम चालू असताना अडचणीची. अशा फाइलीतली एक चौकट बदलायची तर तिच्यावर विसंबलेल्या सगळ्या उलगडून पुन्हा दाबाव्या लागतात, आणि प्रत्येक दाबण्यात नवी तूट. लाल पाटीवर निळी अक्षरे असतील तर रंगाची काटकसरही लगेच उघडी पडते.

ॲनिमेशन करणाऱ्यांना हे सुरुवातीपासून उमगले होते. जिम केंट यांनी लिहिलेला ऑटोडेस्क ॲनिमेटर हा प्रोग्रॅम १९८९ मध्ये आला. त्याच्या फाइलीत मागच्या चौकटीहून जे बिंदू बदलले तेवढेच लिहीत, तेही बिनतुटीने. (याच केंट यांनी पुढे २००० साली मानवी जनुकसंचाचे तुकडे जुळवणारा प्रोग्रॅम लिहिला.) ॲपलने १९९१ च्या अखेरीस क्विकटाइम आणले तेव्हा कॅमेऱ्याच्या चित्रणासाठी एक रीत दिली आणि ॲनिमेशनसाठी वेगळी, दुसरी म्हणजे आपले '४ सुलट, २ उलट' होते. १९९५ च्या 'टॉय स्टोरी'त १,१४,२४० चौकटी होत्या आणि एकेक चौकट रंगवायला ४५ मिनिटांपासून ३० तासांपर्यंत वेळ लागे. इतक्या महाग चौकटीत जागेच्या काटकसरीसाठी तूट पत्करणे परवडणारे नसते. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या चित्रपट-संस्थेने तर २००३ मध्ये ओपनईएक्सआर हा प्रकार सर्वांसाठी खुला केला. त्यात कागदाच्या पांढऱ्याहून कितीतरी पट प्रखर उजेडही संख्येने नोंदता येतो, त्यामुळे चौकट रंगवून झाल्यावरही दृश्य उजळ किंवा मंद करता येते. आम्हांला एवढ्याची गरज नव्हती.

तिसऱ्या खेपेला आम्ही १,५०० पीएनजी फाइली केल्या. नावांत ०००१ पासून चार आकडी क्रमांक दिले, कारण नुसते १, २, ३ दिले तर काही प्रोग्रॅम १ नंतर १० घेतात. वीज याही वेळी गेली. परत आल्यावर पुढच्या क्रमांकापासून काम सुरू केले. सगळे झाल्यावर त्या चौकटींवरून, २००३ साली मानक झालेल्या एच.२६४ या तुटीच्या रीतीने, वर्गात दाखवायची एक फाइल केली. दाबण्याचे प्रमाण कमी ठेवले आणि चांदण्या मुद्दाम दोन बिंदूंएवढ्या जाड केल्या. मूळ चौकटींचा संच वेगळ्या डिस्कवर ठेवून दिला.

पहिल्याच वर्गात एका मुलीने हात वर करून सांगितले की 'अष्टमी'च्या पाटीवर 'ष'च्या जागी 'श' पडला आहे. ती पाटी तीन सेकंद दिसत होती, म्हणजे ७५ चौकटी. त्या पुन्हा रंगवायला ५० मिनिटे लागली.