वक्र कडांचे भ्रमणध्वनी आणि त्यांवरील संरक्षक काच : टिकाऊपणाच्या प्रश्नाचा इतिहास (२०१४–२०२४)

भ्रमणध्वनीच्या पडद्यावर लावावयाची संरक्षक काच ही वस्तू इतकी स्वस्त व इतकी अल्पायुषी आहे की, तिलाही काही इतिहास असेल अशी कल्पना सहसा कोणाच्या मनात येत नाही. दुकानदार ती पाच मिनिटांत चिकटवून देतो, काही महिन्यांत तिचा कोपरा फुटतो, आणि ती खरवडून काढून तिच्या जागी दुसरी येते. तथापि ज्या दशकात पडद्याच्या कडा वळविलेले फोन बाजारात आले, त्या दशकात या क्षुल्लक वस्तूपुढे एक बिकट प्रश्न उभा राहिला. काच किती कठीण आहे, यावर त्या प्रश्नाचे उत्तर अवलंबून नव्हते. काच फुटत होती ती कडेला, सुटत होती ती चिकटद्रव्यापासून. वेष्टनावरील मजकूर मात्र अखेरपर्यंत कठिनतेचीच ग्वाही देत राहिला. हा विसंवाद कसा निर्माण झाला हे पाहावयाचे, तर वस्तूबरोबर तिच्या नावांचाही माग काढावा लागतो.

मराठी बाजारबोलीत या काचेला 'टेम्पर्ड' किंवा नुसते 'टेम्पर' म्हणतात. 'नवीन टेम्पर लावून द्या' असे गिऱ्हाईक सहज म्हणून जाते. मूळ लॅटिन धातूचा अर्थ योग्य प्रमाणात मिसळणे असा. पोलादाच्या संदर्भात इंग्रजीत या क्रियापदाचा नेमका अर्थ असा की, एकदा तापवून झटकन निवविलेले पोलाद पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करणे. काचेच्या बाबतीत मात्र हाच शब्द जवळजवळ उलट क्रियेला लावला गेला. तेथे तापलेली काच झटकन निववितात आणि तेथेच थांबतात. लोहाराच्या भाषेतील 'पाणी देणे' किंवा 'पाणी पाजणे' हा मराठी प्रयोग काचेवरील या क्रियेला इंग्रजी शब्दापेक्षा अधिक जवळचा आहे, ही गोष्ट जाता जाता नोंदविण्यासारखी आहे.

काचेला असे पाणी दिल्याने काय होते, याचे कुतूहल सतराव्या शतकापासूनचे आहे. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला असता त्याला लांब शेपटी फुटते. हे थेंब प्रिन्स रूपर्टच्या नावाने ओळखले जातात. १६६१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचे प्रयोग झाले, आणि रॉबर्ट हूकने १६६५ च्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात त्यांची चर्चा केली. थेंबाच्या डोक्यावर हातोडा मारला तरी ते फुटत नाही. शेपटीचे टोक चिमटीत मोडले की सबंध थेंबाचा चुरा होतो. बाहेरचा थर आधी गोठतो, आतला मागाहून आकसतो, आणि त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली व अंतर्भाग ताणाखाली राहतो, हे त्याचे कारण होय. दाबाखालच्या पृष्ठभागावर भेग सहजासहजी पसरत नाही. १८७४ मध्ये द ला बास्ती या फ्रेंच गृहस्थाने तापलेली काच तेलाचरबीच्या कुंडात बुडविण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले, तेव्हा हे कुतूहल उद्योगाच्या कक्षेत आले.

परंतु या पद्धतीला काचेची पुरेशी जाडी लागते. बाहेरचा थर गार आणि आतला गरम अशी तफावत क्षणभर तरी टिकली पाहिजे. सुमारे २ मिलिमीटरपेक्षा पातळ काचेत ती टिकविणे फार अवघड. फोनवरील संरक्षक काच साधारणतः ०.३ मिलिमीटर जाडीची असते. म्हणजे जिला सर्व जग 'टेम्पर्ड' म्हणते, तिला या अर्थाने पाणी दिलेलेच नसते. तिचे बल निराळ्या मार्गाने आलेले असते. सॅम्युएल किस्लर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये या मार्गाविषयी निबंध प्रसिद्ध केला. सोडियमयुक्त काच पोटॅशियम नायट्रेटच्या सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या कुंडात ठेवली असता पृष्ठभागातील लहान सोडियम आयन बाहेर पडतात व त्यांच्या जागी मोठे पोटॅशियम आयन दाटीने बसतात. या दाटीमुळे पृष्ठभागावर दाब निर्माण होतो. त्याच वर्षी कॉर्निंग या कंपनीने 'केमकॉर' नावाची अशी काच जाहीर केली. तथापि तिला पुरेसे गिऱ्हाईक न मिळाल्याने १९७१ च्या सुमारास ते काम बाजूस ठेवण्यात आले. २००७ मध्ये ॲपलच्या आयफोनच्या निमित्ताने ते पुन्हा हाती घेतले गेले आणि 'गोरिला ग्लास' या नावाने जगभर पसरले.

फोनची मूळ काच आणि तिच्यावर चिकटवावयाची संरक्षक काच एकाच क्रियेतून जातात, म्हणून त्या एकाच दर्जाच्या असतात असे नव्हे. मूळ काच ॲल्युमिनोसिलिकेट जातीची असते व तिच्यातील दाबाखालचा थर सुमारे ४० मायक्रोमीटरपर्यंत खोल जातो. स्वस्त संरक्षक काच पुष्कळदा खिडकीच्या तावदानासारख्याच सोडा-चुन्याच्या काचेची असते. तिच्यात हा थर १० मायक्रोमीटरच्या आसपास राहतो. त्याहून खोल ओरखडा गेला की दाबाचा कोट फुटतो आणि ताणाखालचा अंतर्भाग उघडा पडतो.

वेष्टनावर याचा उल्लेख नसतो. तेथे '९ एच' असा शिक्का असतो. खनिजांच्या कठिनतेसाठी फ्रीड्रिक मोझ याने १८१२ मध्ये १ ते १० अशी श्रेणी बसविली. तिच्यात १० म्हणजे हिरा, ९ म्हणजे कुरुंद व ७ म्हणजे गारगोटी. ही श्रेणी शाळेत शिकलेल्या वाचकास '९' हा आकडा कुरुंदाच्या पंक्तीतला वाटतो. वस्तुतः हा '९ एच' पेन्सिलीचा आहे. रंग व वार्निश यांच्या लेपांची कठिनता अजमावण्यासाठी निरनिराळ्या प्रतींच्या पेन्सिली त्यांच्यावरून ओढतात. ९ एच ही त्यांतील सर्वांत कठीण प्रत. शिसपेन्सिलीने साध्या तावदानावरही ओरखडा उठत नाही. तेव्हा ही कसोटी प्रत्येक काच उतरते, आणि जी प्रत्येक काच उतरते ती कसोटी कोणत्याही काचेविषयी काही सांगत नाही. उलट साधी वाळू, जिच्यात गारगोटीचे कण असतात, ती मोझच्या श्रेणीत काचेच्या वर आहे. खिशातील किल्ल्यांपेक्षा खिशातील वाळू अधिक घातक, हे त्यावरून उघड आहे.

सपाट पडद्यांच्या काळात ही शब्दांची लबाडी फारशी बाधली नाही. काच सपाट, पडदा सपाट, मध्ये सर्वत्र चिकटद्रव्य. अशी काच तिच्या आधारावर निवांत पडून राहते. २०१४ मध्ये ही स्थिती पालटू लागली. त्या वर्षीच्या आयफोन ६ च्या काचेच्या कडा किंचित गोलावलेल्या असल्याने संरक्षक काच थोडी आखूड कापावी लागली व भोवती उघडी किनार राहिली. त्याच सुमारास सॅमसंगचा गॅलक्सी नोट एज आला. त्याच्या पडद्याची एक बाजू खाली वळलेली होती. २०१५ च्या एस ६ एजमध्ये दोन्ही बाजू वळल्या, आणि २०१७ च्या एस ८ मध्ये सपाट पडद्याचा पर्यायच उरला नाही. २०१९ च्या ह्वावे मेट ३० प्रोमध्ये तर कडा ८८ अंशांनी, म्हणजे जवळजवळ काटकोनात उतरली.

सपाट काच या वळणावर दाबून बसविणे का शक्य नव्हते, हे साध्या गणिताने कळते. वाकविलेल्या पत्र्याच्या बाह्य पृष्ठावरील ताण हा पदार्थाचा यंगचा गुणांक व जाडी यांच्या गुणाकारास वक्रतेच्या त्रिज्येच्या दुपटीने भागल्यास मिळतो. काचेचा गुणांक सुमारे ७० गिगापास्कल, जाडी ०.३ मिलिमीटर आणि त्रिज्या ५ मिलिमीटर धरली, तर ताण २ गिगापास्कलच्या वर जातो. चांगल्या रासायनिक काचेच्या पृष्ठभागातील दाब १ गिगापास्कलच्याही खाली असतो. अर्थात काच मोडणारच. (जाडी ३० मायक्रोमीटरवर आणली तर हाच ताण दहापट घटतो, २०२० मधील घडीच्या फोनांत अशी अतिपातळ काच आली ती याच हिशेबाने.) म्हणून वक्र संरक्षक काच वाकवून चालत नाही, ती तापवून ग्रॅफाइटच्या साच्यात घडवावी लागते आणि मग आयनांच्या कुंडात न्यावी लागते. फोनची काच अशीच घडविलेली असते. परंतु दोन निराळ्या साच्यांतून निघालेल्या दोन वक्रता तंतोतंत जुळत नाहीत. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचा फरक पडला, तरी कडेशी पोकळी राहते.

या पोकळीतच वक्र संरक्षक काचेच्या अल्पायुष्याचे मूळ आहे. पहिल्या पिढीतील काचांना केवळ काळ्या किनारीखाली चिकटद्रव्य असे व मध्यभागी हवेचा थर राही. पडद्याचे स्पर्शसंवेदन विद्युत्-धारितेवर चालत असल्याने हवेच्या थरामुळे बोटाचा परिणाम क्षीण होई; अक्षरे उमटत नसत, किंवा दोनदा दाबावे लागे. पुढे सर्व पृष्ठभागावर चिकटद्रव्य पसरण्यात आले, तेव्हा मध्यभाग सुधारला पण कडा सुटू लागल्या, कारण वक्रतेतील फरकाचा सारा भार आता तेथील चिकटद्रव्यावर पडला. सुटलेल्या कडेखाली धूळ शिरते. धूळ शिरली की ती कड पुन्हा बसत नाही. त्यातच फोनचे बाह्य आवरण दोन्ही बाजूंनी काचेला उचलते. आवरणाला जागा द्यावी म्हणून काच आखूड करावी, तर वळणाचा बराच भाग उघडा पडतो, आणि मुळात संरक्षण हवे होते ते त्याच भागाला.

आधार सुटलेल्या काचेचे पुढे काय होते, ते ए. ए. ग्रिफिथच्या १९२१ मधील प्रसिद्ध निबंधावरून समजते. काचेचे प्रत्यक्ष बल तिच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म भेगांवर ठरते, असे त्याने दाखविले. अशा भेगा सर्वांत अधिक असतात त्या कापलेल्या व घासलेल्या कडेवर. सपाट पडद्यावर ही कड चौकटीच्या आत, आधारावर टेकलेली असे. वक्र पडद्यावर तीच कड फोनच्या बगलेला, तळहाताच्या व टेबलाच्या वाटेत आली, आणि पुष्कळदा तिच्याखाली चिकटद्रव्यही उरले नाही. फोन पडतो तो बहुधा कोपऱ्यावर किंवा कडेवर. रूपर्टच्या थेंबाची शेपटी बाहेर काढून ठेवावी, तशी ही रचना झाली. मध्यभागी कितीही 'एच' असले, तरी त्याचा येथे उपयोग नव्हता.

बाजाराने यावर शोधलेले पहिले उत्तर शाब्दिक होते. 'डी' हे अक्षर मितिवाचक. घासून गोलावलेल्या कडेला '२.५ डी' व साच्यात घडविलेल्या काचेला '३ डी' म्हणणे एक वेळ समजण्याजोगे आहे. पण त्यापुढे '५ डी', '९ डी' व '११ डी' अशा काचा दुकानांत आल्या. तीन मितींच्या विश्वात अकरा मितींची काच कशी असावी हे विक्रेत्यालाही सांगता येणार नाही. अक्षराचा अर्थ गळून पडला आणि केवळ चढता आकडा उरला, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरे उत्तर अधिक प्रामाणिक होते. घट्ट चिकटद्रव्याऐवजी पारदर्शक द्रव फोनवर ओतावयाचा, त्यावर काच अलगद सोडावयाची, द्रव केशाकर्षणाने कडेपर्यंत पसरू द्यावयाचा आणि जंबुपार किरणांच्या दिव्याखाली तो गोठवावयाचा. द्रव पोकळीचा आकार घेतो, त्यामुळे वक्रतेतील फरक भरून निघतो व कडेलाही आधार मिळतो. टिकाऊपणाच्या दृष्टीने हीच खरी सुधारणा होय. दोष असा की, सपाटी जराशी चुकली तर द्रव श्रवणछिद्रात किंवा बटणांच्या फटीत उतरतो व तेथेच गोठतो. या कारणास्तव काही उत्पादकांनी अशा काचा वापरू नयेत असे ग्राहकांना जाहीरपणे सांगितले.

२०१९ मध्ये या प्रश्नात एक अनपेक्षित भर पडली. गॅलक्सी एस १० मध्ये पडद्याखाली श्राव्यातीत ध्वनीने बोटाचा ठसा ओळखणारे यंत्र बसविले होते. काचेतून जाणारा असा ध्वनी हवेच्या सीमेवर जवळजवळ संपूर्ण परावर्तित होतो. संरक्षक काचेखाली हवेचा थर असला की यंत्र आंधळे होते. उत्पादकाने फोनवर आधीच प्लॅस्टिकची पातळ चकती लावून दिली, यातच कबुली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात याहून गंभीर प्रकार उघडकीस आला. काही सिलिकोन आवरणांवरील नक्षीलाच यंत्र बोटाचा ठसा समजू लागले, आणि नोंद नसलेल्या बोटानेही फोन उघडू लागला. कंपनीला तातडीने आज्ञावलीत दुरुस्ती करावी लागली. पडद्याचे रक्षण करणारी वस्तू फोनमधील खाजगी व्यवहारांनाच धोका ठरली, असा हा एकमेव ठळक प्रसंग होय.

यानंतर वक्र पडद्यांसाठी मऊ पॉलियुरेथेनच्या चकत्यांचा प्रसार वाढला. त्या वळणावर मुकाट्याने बसतात व फुटत नाहीत. आघात मात्र फारसा शोषीत नाहीत. कित्येक ग्राहकांना बोटाखाली काचच हवी असते, हा निराळा मुद्दा. दरम्यान उत्पादकांनीच माघार घेण्यास आरंभ केला होता. २०२१ च्या एस २१ मालिकेत लहान फोन सपाट झाले, आणि २०२४ च्या एस २४ अल्ट्रामध्ये सर्वांत महागड्या फोनानेही वळण सोडले. अन्य काही उत्पादकांनी सौम्य वक्रता चालू ठेवली आहे. २०१५ ते २०२३ या काळातील तीव्र वळणाचे फोन आजही पुष्कळांच्या हाती आहेत. त्यांच्यासाठी दुकानात एक तर चकती मिळते, नाही तर दिव्याखाली गोठवावयाची काच. आणि दोहोंपैकी दुसरीच्या वेष्टनावर '९ एच' असे अद्याप छापलेले असते.