यांत्रिक ससा आणि उरलेले कुत्रे : ग्रेहाउंड दत्तक घेण्याचा इतिहास

१/
इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यातील एका ग्रीक अधिकाऱ्याने शिकारी कुत्र्यांवर एक छोटेखानी ग्रंथ लिहिला. त्यात एक सल्ला आहे : या कुत्र्यांना मऊ, उबदार अंथरूण द्यावे, आणि त्यांना माणसाजवळच झोपू दिले तर त्याहून उत्तम. शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड आज जे कुटुंब दत्तक घेते, त्यालाही पहिल्या दिवशी मऊ अंथरुणाचीच सूचना मिळते. या दोन सल्ल्यांच्या मधल्या अठराशे वर्षांत या कुत्र्यांचे काय झाले, त्याचा हा धागा. #थ्रेड

२/
तो अधिकारी म्हणजे एरियन. इतिहासाच्या वाचकांना हे नाव परके नाही. अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांचा इतिहास त्याने लिहिला, 'इंडिका' हा भारतवर्णनाचा ग्रंथही त्याचाच. झेलमकाठच्या लढाईत पोरस कसा लढला, याविषयी आपण जे वाचतो त्याचा मोठा भाग एरियनच्याच आधारे सांगितला जातो. सम्राट हेड्रियनच्या काळात तो कॅपाडोशिया प्रांताचा सुभेदार होता.

३/
केल्ट लोकांच्या वेगवान, सडपातळ शिकारी कुत्र्यांविषयी त्याने तपशिलाने लिहिले. झेनोफोनने शिकारीवर आधीच ग्रंथ लिहिला होता, पण त्याला हे कुत्रे ठाऊक नव्हते. ती उणीव एरियनने भरून काढली. लिहिता लिहिता तो आपल्या कुत्रीकडे वळतो. तिचे नाव होर्मे. ती सतत त्याच्या सोबत राही, भूक लागली की पंजा लावून मागणी करी. तिचे नाव पुढच्या पिढ्यांना कळावे, म्हणून ते आपण मुद्दाम लिहून ठेवत आहोत, असे तो सांगतो.

४/
याच ग्रंथात शिकारीचा एक नीतिनियमही आहे. एका सशामागे दोनाहून अधिक कुत्रे सोडू नयेत. सशाला आधी पुढे जाऊ द्यावे. खरा शौकीन ससा मारण्यासाठी नव्हे, तर धावण्यातील चुरस पाहण्यासाठी जातो, आणि ससा निसटला तर त्याला आनंदच होतो. आजच्या दृष्टीने हा खेळ क्रूरच. तरीही त्यात कुत्र्याला नाव होते, मालकाच्या घरात जागा होती, आणि मालकाला त्याचा स्वभाव ठाऊक होता.

५/
पुढे इंग्लंडमध्ये ग्रेहाउंड हा सरदार-जमीनदारांचा कुत्रा झाला. १७७६ साली नॉरफोक परगण्यातील स्वाफम येथे लॉर्ड ऑरफर्ड यांनी सशामागे कुत्रे पळवण्याच्या खेळाचा पहिला सार्वजनिक क्लब स्थापन केला. १८३६ पासून लिव्हरपूलजवळ 'वॉटर्लू कप' सुरू झाला. मास्टर मॅकग्रा नावाच्या आयरिश कुत्र्याने १८६८, १८६९ आणि १८७१ अशी तीनदा ही स्पर्धा जिंकली. त्याला पाहण्याची इच्छा खुद्द राणी व्हिक्टोरियाला झाली आणि त्याला तिच्यासमोर नेण्यात आले.

६/
नकोसे कुत्रे तेव्हाही मारले जात. त्या काळाला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. पण या खेळाला काही नैसर्गिक मर्यादा होत्या. त्याला मोकळे माळरान लागे, जिवंत ससे लागत, हिवाळ्याचा हंगाम लागे. म्हणून कुत्र्यांची संख्याही आटोक्यात राही. या तिन्ही मर्यादा एका यंत्राने मोडल्या.

७/
१८७६ साली लंडनजवळ हेंडन येथे रुळावरून धावणाऱ्या नकली सशामागे कुत्रे पळवण्याचा प्रयोग झाला. मार्ग सरळ असल्यामुळे सर्वांत वेगवान कुत्रा जिंकणार हे उघड होते; चुरस राहिली नाही आणि प्रयोग बारगळला. पुढे ओवेन पॅट्रिक स्मिथ या अमेरिकन माणसाने वर्तुळाकार मार्गावर फिरणारा यांत्रिक ससा सिद्ध केला. १९१९ साली कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे त्याच्या धावपट्टीवर शर्यती सुरू झाल्या. जिवंत सशांची हत्या त्याला पाहवत नसे, असे सांगितले जाते.

८/
२४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर ब्रिटनमधील पहिली आधुनिक शर्यत झाली. विजेच्या दिव्यांखाली, कामगारवस्तीपासून ट्रामच्या अंतरावर, पैजेची सोय असलेली ही करमणूक शहरांनी उचलून धरली. मिक द मिलर या कुत्र्याने १९२९ आणि १९३० ची इंग्लिश डर्बी जिंकली. त्याचा पेंढा भरलेला देह आजही ट्रिंगच्या संग्रहालयात आहे. आणि हा किस्सा पाहा : १९६६ च्या फुटबॉल विश्वचषकातील उरुग्वे-फ्रान्स सामना वेम्बलीवर होऊ शकला नाही, कारण त्या संध्याकाळी तिथे ग्रेहाउंडच्या शर्यती होत्या. सामना व्हाइट सिटी मैदानावर हलवावा लागला!

९/
ससा वाचला. पण आता शर्यतींना हंगाम उरला नाही. आठवड्यातून अनेक रात्री, अनेक शहरांत, एकेका संध्याकाळी दहा-बारा शर्यती, आणि प्रत्येक शर्यतीत पाच-सहा ते आठ कुत्रे. एवढे कुत्रे पुरवायचे तर पैदास मोठ्या प्रमाणावर हवी. जो पुरेसा वेगवान नाही तो बाद. जो जखमी झाला तो बाद. जो वयाने मंदावला तोही बाद.

१०/
इथे एक साधा हिशेब मांडू. ग्रेहाउंड साधारण दीड वर्षाचा झाला की शर्यतीत उतरतो आणि तीन ते पाच वर्षांचा असताना निवृत्त होतो. त्याचे आयुष्य मात्र दहा ते चौदा वर्षांचे. म्हणजे काम संपते तेव्हा निम्म्याहून अधिक आयुष्य शिल्लक असते. त्या उरलेल्या वर्षांचा खर्च धंद्याच्या जमाखर्चात कुणी धरलाच नव्हता. 'गरज सरो नि वैद्य मरो' ही म्हण आपण रूपकाने वापरतो. इथे ती अक्षरशः खरी ठरली.

११/
जुलै २००६ मध्ये 'संडे टाइम्स'ने एक वृत्त छापले. इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातील सीहॅम या गावी बांधकाम-साहित्याचा एक व्यापारी गेली सुमारे पंधरा वर्षे थोडे पैसे घेऊन निरोगी, पण निकामी ठरलेले ग्रेहाउंड मारत होता आणि मागच्या जमिनीत पुरत होता. वृत्तपत्राने दिलेला आकडा दहा हजारांच्या घरातला होता. देश हादरला.

१२/
त्याहून धक्कादायक होती कायद्याची बाजू. आपल्या मालकीचा कुत्रा वेदना न होता मारणे हा गुन्हा नव्हता. त्यामुळे त्या माणसावर खटला चालला तो परवान्याविना कचरा पुरल्याचा! ज्या कुत्र्यांवर लाखोंच्या पैजा लागल्या होत्या, ते कायद्याच्या नोंदीत अखेर 'कचरा' म्हणून उमटले. यानंतर चौकश्या झाल्या आणि २०१० मध्ये शर्यतीच्या ग्रेहाउंडांच्या कल्याणासाठी इंग्लंडमध्ये स्वतंत्र नियम आले.

१३/
हे एका गावापुरते नव्हते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१६ मध्ये अहवाल दिला : मागील बारा वर्षांत तिथे जन्मलेल्या सुमारे ९८ हजार ग्रेहाउंडांपैकी किमान निम्मे, वेग कमी म्हणून मारले गेले असावेत. सरकारने बंदी जाहीर केली. पण विरोध होताच काही महिन्यांत ती मागे घेतली.

१४/
या पार्श्वभूमीवर दत्तक चळवळीकडे पाहिले पाहिजे. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात निवृत्त ग्रेहाउंडांना घरे शोधणारा न्यास उभा राहिला. अमेरिकेत १९८० च्या दशकात अशा संस्था निघाल्या. 'ग्रेहाउंड पेट्स ऑफ अमेरिका' ही त्यांतील मोठी संस्था १९८७ ची. त्यांच्यापुढचा पहिला अडथळा गैरसमजाचा होता. धावपट्टीवर मुसके बांधलेला हा कुत्रा चावरा असणार आणि त्याला दिवसभर पळवावे लागणार, असे लोकांना वाटे.

१५/
प्रत्यक्षात घरी आलेला ग्रेहाउंड दिवसाचा बहुतेक वेळ झोपून काढतो. ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेगाने धावू शकणाऱ्या या प्राण्याला जिना चढता येत नाही, कारण त्याने जिना कधी पाहिलेलाच नसतो. काचेचे दार, आरसा, गुळगुळीत फरशी हे सारे त्याला नवे असते. अंगावर चरबी नाही, केस आखूड. म्हणून थंडीत अंगरखा लागतो आणि बाराही महिने मऊ अंथरूण लागते. एरियनने हे ओळखले होते, कारण तो आपल्या कुत्रीसोबत राहत होता.

१६/
अमेरिकी ग्रेहाउंडच्या कानांत गोंदण असते. उजव्या कानात जन्माचा महिना, वर्षाचा शेवटचा अंक आणि एकाच वेळी जन्मलेल्या पिल्लांमधील क्रम दर्शवणारे अक्षर. डाव्या कानात त्या वेताचा नोंदणी क्रमांक. धंद्याने ही खूण ओळख पटवण्यासाठी केली होती. दत्तक घेणाऱ्यांनी तिचा उपयोग आपल्या कुत्र्याचा पूर्वेतिहास शोधण्यासाठी केला : आईबाप कोण, कुठे धावला, कितव्या शर्यतीत जखमी झाला. मालकीचा शिक्का असा चरित्राचे साधन बनला.

१७/
या चळवळीत एक अंतर्विरोधही होता, तो झाकता कामा नये. एक कुत्रा दत्तक गेला की त्याच्या जागी नवा कुत्रा आणायला धंदा मोकळाच. काही दत्तक संस्था शर्यतचालकांच्या सहकार्यावर चालत, म्हणून त्या धंद्याविरुद्ध बोलत नसत. काहींनी तर बंदीला विरोधही केला. आपण कुत्रे वाचवतो आहोत की धंद्याचा पसारा आवरून देतो आहोत, हा प्रश्न या संस्थांमध्ये वर्षानुवर्षे धगधगत राहिला.

१८/
तरीही हजारो घरांत हे कुत्रे राहू लागल्याने एक गोष्ट बदलली. लोकांनी त्यांना जवळून पाहिले. २०१८ मध्ये फ्लोरिडा या शर्यतींच्या बालेकिल्ल्यात मतदारांनी सुमारे ६९ टक्के मतांनी २०२० अखेर शर्यती बंद करण्याचा कौल दिला. त्याच वर्षी मकाऊचे 'कॅनिड्रोम' बंद झाले आणि पाचशेहून अधिक ग्रेहाउंड मागे उरले. तिथल्या 'अ‍ॅनिमा' या संस्थेने अनेक देशांतील स्वयंसेवकांच्या मदतीने त्यांना घरे शोधून दिली.

१९/
ही केवळ धावपट्टीची गोष्ट नाही. स्पेनमध्ये 'गाल्गो' हा ग्रेहाउंडचा भाऊबंद आजही सशांच्या शिकारीसाठी पाळला जातो. 'डॉन किहोते' या १६०५ च्या कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात नायकाच्या मालमत्तेत एक वेगवान गाल्गो आहे. जानेवारीअखेर हंगाम संपतो आणि नकोसे गाल्गो रस्त्यावर सोडले जातात. त्यांना झाडाला फाशी दिल्याचेही पुरावे आहेत. तिथल्या निवाऱ्यांतून हे कुत्रे युरोपभरच्या कुटुंबांकडे जातात.

२०/
२०२३ मध्ये स्पेनने प्राणिकल्याणाचा नवा कायदा केला. त्यातून शिकारीचे कुत्रे मात्र वगळण्यात आले. घरातला कुत्रा 'सोबती', शिकारीचा कुत्रा 'साधन'. जात एक असली तरी कायदा दोन. सीहॅमच्या खटल्यात दिसलेली रेघच इथे पुन्हा ओढली गेली.

२१/
आपल्याकडेही डोकवू. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती थोरल्या शाहू महाराजांच्या 'खंड्या' कुत्र्याची समाधी दाखवतात; शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, अशी कथा आहे. मराठवाडा, सोलापूर ते उत्तर कर्नाटक या पट्ट्यातला कारवान आणि मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला मुधोळ हाउंड हे असेच सडपातळ, वेगवान शिकारी कुत्रे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकार बंद झाली, म्हणजे त्यांचे मूळ काम संपले. २००५ मध्ये मुधोळ टपाल तिकिटावर आला, २०२० मध्ये पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख झाला. आता तो अभिमानाचा विषय आहे.

२२/
अभिमान चांगला, पण तो पैदाशीची मागणी वाढवतो, आणि वाढलेल्या मागणीचे पुढे काय होते ते आपण वर पाहिले. शेताच्या बांधावरून पळणारा कारवान दोन खोल्यांच्या सदनिकेत कंटाळला, वाढला, आवरेनासा झाला की तो कुठे जाणार? पिल्लू विकत घेण्याआधी हा प्रश्न विचारावा. निवाऱ्यातला मोठा कुत्रा आणायचा असेल तर त्याला वेळ द्यावा, कुंपण नसलेल्या जागी पट्ट्याविना सोडू नये, घरात मांजर असेल तर सुरुवातीला दोघांना एकटे ठेवू नये. धावण्याची ओढ शतकांची आहे. ती एका महिन्यात जात नाही.

२३/
शर्यतीच्या कुत्र्याला दोन नावे असतात. एक नोंदवहीतले, पैज लावणाऱ्यांसाठी. दुसरे रोजच्या हाकेचे. दत्तक घेतल्यावर पहिले नाव कागदांत राहते आणि दुसरे घरात घुमू लागते. कधी कुटुंब नवेच नाव ठेवते. एरियनने अलेक्झांडरचा इतिहास लिहिला, आणि तितक्याच गांभीर्याने एका कुत्रीचे नावही लिहून ठेवले. म्हणूनच आज, इतक्या शतकांनी, आपल्याला होर्मे ठाऊक आहे. सीहॅमच्या त्या जमिनीखालच्या हजारोंपैकी एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही.

धागा समाप्त. 🙏 तुमच्या गावात कारवान, मुधोळ किंवा अन्य शिकारी कुत्रे पाळण्याची परंपरा असेल आणि घरातल्या ज्येष्ठांकडून त्याविषयी काही ऐकले असेल, तर खाली अवश्य लिहा.