टांकसाळ आणि पारख

चांदवडला होळकरांची टांकसाळ होती, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊक असेलच. तिथल्या रुपयावर फारसी लिपीत नाव असे दिल्लीच्या शाह आलमाचे, आणि गावाचे नाव ‘जाफराबाद उर्फ चांदोर’. पण बाजारात रुपया चाले तो केवळ या नावांवर नव्हे. सराफ तो वाजवून, तोलून पाही, बट्टा ठरवी. मगच तो पदरात पडे. नाणे पाडणे हे एक काम आणि ते पारखणे हे दुसरे. संगणकाचा इतिहास वाचताना ही जुनी विभागणी मला वारंवार आठवते.

१९५४ साली आय.बी.एम. कंपनीतील जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फोरट्रान’ भाषेचा आराखडा मांडला. माणसाने सूत्र लिहावे, यंत्राला लागणाऱ्या आज्ञा यंत्रानेच तयार कराव्यात, अशी ती कल्पना. प्रोग्रॅम लिहिण्याचे आणि त्यातील चुका शोधण्याचे कष्ट त्यामुळे जवळजवळ संपतील, असा त्यांचा भरवसा होता. १९५७ साली भाषा आली. कष्टही पुष्कळ वाचले. परंतु वाचलेल्या श्रमांच्या बळावर माणसाने अधिक अवघड कामे अंगावर घेतली. १९६८ साली जर्मनीत गार्मिश येथे तज्ज्ञ जमले, ते सॉफ्टवेअर वेळेवर आणि भरवशाचे होत नाही या विवंचनेने. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव रूढ झाले ते त्या परिषदेमुळे.

२०२१ साली ‘गिटहब कोपायलट’ आला. आता तर साध्या बोलीत सांगितले तरी यंत्र प्रोग्रॅम लिहून देते. मात्र एक भेद आहे. फोरट्रानचा अनुवाद ठरलेल्या नियमांनी होई; हे यंत्र अंदाज बांधते. त्याचे नाणे दिसावयास चोख आणि आतून हिणकस असू शकते. म्हणजे टांकसाळ भरधाव झाली, तशी सराफाची गरजही वाढली.

चांदवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आज मुले संगणकशास्त्र शिकतात. यंत्रच लिहिते, मग यांनी शिकावे कशाला, असे कोणी विचारील. मला चिंता वाटते ती निराळीच. सराफाचा कान उपजत नसतो. हजारो रुपये वाजवल्यावर तो तयार होतो. नवशिक्याची लहानसहान कामे यंत्राकडे गेली, तर उद्याचा पारखी घडावयाचा कोठे? म्हणून सुरुवातीची वर्षे तरी मुलांनी स्वतः लिहावे, अडावे, चूक हुडकावी. प्रोग्रॅम यंत्राने लिहिला म्हणून काय झाले? पतपेढीचा हिशेब चुकला, तर खातेदार जाब विचारणार तो माणसालाच.