सावंतवाडीचे लाकूडकाम
सावंतवाडीचे लाकूडकाम : जुन्या सावंतवाडी संस्थानच्या राजधानीत वाढलेला रंगीत लाकडी खेळणी, फळे, पाट, चौरंग, पाळणे इ. वस्तूंचा हस्तव्यवसाय. तिसरे खेम सावंत (कार. १७५५–१८०३) यांच्या काळापासून येथील चितारी कारागिरांना राजाश्रय लाभल्याचे परंपरा सांगते. गंजीफा रंगविणारे हातच लाकडावरही चालत. बाजारातील चितार आळी हे नाव त्याचीच खूण होय.

या कामाचा आधार म्हणजे पांगाऱ्याचे लाकूड. वनस्पतिशास्त्राच्या वर्गीकरणात रुंद पानांच्या वृक्षांचे लाकूड ‘कठीण’ गणले जाते. त्या न्यायाने पांगारा व मॅपल एकाच वर्गात पडतात. प्रत्यक्षात शर्करा मॅपलचे वाळलेले लाकूड दर घन मीटरला सु. ७०० किग्रॅ. भरते, पांगाऱ्याचे त्याच्या निम्म्याहूनही कमी. मॅपलचे दाट, एकसारखे पोत कातकामास व तुळतुळीत झिलईस उत्तम, म्हणून ते उघडेच ठेवतात. पांगाऱ्याचे लाकूड फिकट पांढरे, भरड व मऊ असते. ते वाळताना फारसे वाकत नाही, पटाशीला चटकन वश होते, पण ओलीत बुरशीने डागाळते आणि किडीला बळी पडते. इमारतीला ते कुचकामी. पूर्वी त्याच्या हलक्या पेट्या, तबके व तलवारींची म्यानेही करीत.

असे लाकूड झाकावेच लागते, आणि सावंतवाडीची खरी कला या झाकण्यात आहे. ओंडका चांगला सुकवून त्याचे तुकडे कोरतात किंवा कातारीवर फिरवितात. घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठावर अस्तर देऊन रंग चढवितात. लाकडी आंबा, केळे वा सीताफळ हातात घेतल्यावर जाणवणारा हलकेपणा मात्र पांगाऱ्याचाच.

संस्थान १९४८ मध्ये विलीन झाल्यावर राजाश्रय संपला. शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी १९७० नंतरच्या दशकात राजवाड्यात गंजीफा व लाखकामाला पुन्हा चालना दिली. त्यामुळे चित्रकाम तगले. लाकडाचा प्रश्न मात्र त्याने सुटण्यासारखा नव्हता. पांगारा कोणी इमारती वृक्ष म्हणून जोपासत नाही. फांदी रोवून त्याचे कुंपण करतात, मिरी व पानवेलीस आधार म्हणून तो वाढवितात. शिमग्याच्या सुमारास लाल फुलला की तेवढ्यापुरता नजरेस येतो. कुंपणाला तार आली की तो बांधावरून जातो. त्यातच २००५ च्या सुमारास गाठी निर्माण करणारी एक सूक्ष्म गांधीलमाशी दक्षिण भारतात पोहोचली. तिच्यामुळे पाने व कोवळे शेंडे सुजून झाड खंगते. पांगारा न मिळाल्यास कारागीर आंब्याचे लाकूड वापरतात. ते अधिक जड असून कोरण्यास वेळ घेते.