दगड घोळण्याची जुनी विद्या

सहा इंची पीव्हीसी नळीचा वीतभर तुकडा, एका तोंडाला कायमचे चिकटवलेले बूच, दुसऱ्या तोंडाला रबरी टोपण आणि त्यावर आवळलेली पट्टी, खाली दोन फिरते दांडे आणि एखादी जुनी मोटार. दगडांना चकाकी आणण्याच्या घरगुती यंत्रात याहून जास्त काही नसते. आत गारगोट्या, पाणी आणि दगड कापणारी पूड भरायची आणि नळी फिरत ठेवायची. या यंत्राची हकीकत बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेपासून सुरू केली जाते. १९५० च्या दशकात तिथे हौशी लोकांनी रंगाचे डबे, जुने टायर असे जे मिळेल ते फिरवून पाहिले आणि मग रबरी पिंपांची तयार यंत्रे बाजारात आली. या क्रमाने पाहिले तर नळीचे यंत्र म्हणजे विकतच्या यंत्राची गरिबाघरची नक्कल ठरते. मला हा क्रम चुकीचा वाटतो. दगड घोळण्याच्या धंद्यात भांड्याला कधीच किंमत नव्हती. ज्या काळात जे हाताशी असेल ते भांडे झाले. किंमत होती ती पुडीला, ती फिरवणाऱ्या हातांना आणि त्यात जाणाऱ्या दिवसांना.

याचा सर्वांत भक्कम पुरावा खंबायतच्या अकीक मण्यांच्या धंद्यात सापडतो. हे अकीक मुळात आपल्याच काळ्या पत्थराचे अपत्य. दख्खनच्या लाव्हात राहिलेल्या पोकळ्यांत सिलिका थराथराने साठत गेली, खडक झिजल्यावर तिच्या गाठी मोकळ्या झाल्या आणि भरूचजवळच्या रतनपूरला गोट्यांच्या थरांत येऊन पडल्या. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून असे रंगीत दगड धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांनी भरूच बंदरात जात, अशी नोंद आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज दुआर्त बार्बोसानेही खंबायतच्या या कारागिरीबद्दल लिहून ठेवले आहे. पण चकाकी नेमकी कशी आणत, याचे बारीक वर्णन मिळते ते मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या १८८० सालच्या सहाव्या खंडात. जाड चामड्याची सुमारे दोन फूट लांबीची पिशवी. तिच्यात शेकडो मणी, कुरुंदाची पूड आणि मण्यांना भोके पाडताना निघालेली अतिबारीक भुकटी. तोंड बांधायचे, पिशवीच्या मध्यावर चामड्याचा पट्टा घ्यायचा आणि खोलीच्या दोन टोकांना बसलेल्या दोघांनी ती आलटूनपालटून ओढायची. मधूनमधून पाणी. हे दहा ते पंधरा दिवस. मणी एकमेकांवर घासून एकमेकांना उजळत. कारागीर एकेका मण्याला हात लावत नसे. भोकातली भुकटीसुद्धा वाया न घालवता शेवटच्या झळाळीसाठी राखून ठेवणाऱ्या त्या माणसांना या कामाचे मर्म कळले होते यात शंका नाही.

यावर आक्षेप घेता येईल की पिशवी पुढे-मागे जाते, पिंप गोल फिरते, मग दोघांचे कूळ एक कसे? पण गोल फिरणे हे साधन आहे. काम होते ते बंद भांड्यात, ओल्या पुडीसह, ढिगाने दगड एकमेकांवर घरंगळतात म्हणून, आणि हे पिशवीत पुरेपूर होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अकीकाच्या यांत्रिक कामाचे माहेर जर्मनीतले इडार-ओबरस्टाइन, असे सगळे मानतात. तिथल्या ओढ्यांवर पाणचक्क्यांनी वालुकाश्माची प्रचंड चाके फिरत आणि कामगार लाकडी घोडीवर पालथे पडून दगड त्या चाकावर दाबून धरत. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलचा अकीक तिथे येऊ लागला तेव्हा त्या गावाची भरभराट झाली. आफ्रिकेच्या बाजारात खंबायती मण्यांसारखाच माल बनवून त्यांनी खंबायतशी स्पर्धाही केली. हे सगळे खरे. पण तिथे दगड एकेक करून हातात धरावा लागे. ते सहाणेचे वंशज आहेत. ढिगाने घोळण्याची विद्या निराळी, आणि आजचे पिंप त्या विद्येतून आले आहे. अर्थात तिलाही मर्यादा होत्या. सिंधू संस्कृतीतले बारा-तेरा सेंटीमीटर लांबीपर्यंत जाणारे नाजूक मणी पिशवीत टाकले असते तर मोडलेच असते. ते एकेक करून घासावे लागले.

मग नदीचे काय? निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिले तर वाटते, गोट्या, वाळू, पाणी आणि फिरणे हे चारही तिथे आहेत, वर हजारो वर्षांची सवड. तरी नदीतला दगड गुळगुळीत असतो, चकचकीत नसतो. ओला असेपर्यंत रंग दिसतो आणि वाळला की धुरकटतो. कारण नदी जाडी वाळू आणि गाळ एकत्रच वापरते. चकाकीसाठी पुडीची प्रतवारी लागते: आधी भरड, मग मध्यम, मग बारीक, शेवटी झिलईची, आणि प्रत्येक पायरीनंतर दगड, भांडे, टोपण सगळे असे धुवायचे की आधीचा कणही मागे राहू नये. झिलईच्या पुडीत भरडीचे चार दाणे शिरले तरी आठवड्याची मेहनत ओरखड्यांत जाते. माणसाने नदीवर केलेली सुधारणा ती हीच.

म्हणूनच या इतिहासातली पहिली मोठी तारीख एखाद्या यंत्राची नाही, पुडीची आहे. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन विजेच्या उष्णतेने कृत्रिम हिरा करू पाहत होता. हाती आले सिलिकॉन कार्बाइड, कुरुंदाहून कठीण आणि कारखान्यात हवे तेवढे बनवता येणारे. दुसरा बदल विजेच्या मोटारीचा. तिने पिशवीच्या दोन टोकांची माणसे उठवली. खुद्द खंबायतमध्येही पुढे मोटारीवर फिरणारी पिंपे आली. दिवस मात्र कमी झाले नाहीत. आज घरच्या नळीत चार पायऱ्यांना मिळून महिनाभर सहज लागतो. मग खंबायतचे पंधरा दिवसच अधिक कार्यक्षम म्हणायचे का? नाही. तिथला मणी पिशवीत पडण्यापूर्वी ठोकून आणि सहाणेवर घासून आकाराला आलेला असे. आजचा हौशी माणूस ओबडधोबड गारगोटी तशीच नळीत टाकतो आणि आकार देण्याचे कामही पुडीवरच सोपवतो.

नळीचेही स्वतःचे गुणदोष आहेत, आणि ते भांडे क्षुल्लक म्हणणाऱ्यांनी ऐकावेत. पीव्हीसीची आतली भिंत गुळगुळीत असल्याने दगड घरंगळण्याऐवजी एका लगद्यासारखे नुसते घसरतात. म्हणून आत उभ्या पट्ट्या किंवा टायरच्या ट्यूबचे अस्तर लावतात, त्याने आवाजही दबतो आणि नळीची झीजही टळते. वेगाला कमाल मर्यादा आहे. आतला व्यास १५ सेंटीमीटर असेल तर मिनिटाला सुमारे ११० फेऱ्यांपाशी दगड भिंतीला चिकटून गोल फिरू लागतात आणि घासणे थांबते. त्याच्या साधारण निम्मा वेग ठेवावा लागतो. नळी अर्ध्याहून थोडी जास्त भरावी लागते, नाहीतर दगड उंचावरून आपटून फुटतात. ही सगळी अक्कल भांड्याच्या वापराची आहे, भांड्याच्या किमतीची नाही. विकतच्या रबरी पिंपाला यातले एकही गणित चुकत नाही.

एका बाबतीत बंद ओले भांडे खरोखर उपकारक ठरले आहे. अकीकाच्या धंद्याने इडारमध्ये आणि खंबायतमध्ये कामगारांची फुप्फुसे पोखरली, सिलिकोसिसने अकाली माणसे नेली. पण ती धूळ घासण्याच्या चाकांवर उडालेली होती. पाण्यासकट बंद केलेल्या नळीत सिलिकाची धूळ चिखल होऊन बसते. तेव्हा नळीचे यंत्र करायचे असेल तर आवर्जून करा. फक्त दगड कोरडे कापू किंवा घासू नका, आत गॅस साठतो म्हणून टोपण अधूनमधून उघडा आणि तो चिखल मोरीत ओतू नका, कारण नळात तो सिमेंटसारखा घट्ट बसतो.