वर्ध्यात उपचार, कायद्यात कोंडवाडा

1898 चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा वाचताना पहिली खटकते ती त्याची व्याख्या. भीक मागणारा किंवा चरितार्थाचे साधन नसलेला, भटकणारा कुष्ठरोगी दिसला की पोलिसाला तो वॉरंटशिवाय पकडता येई. पुढे डॉक्टरने तपासायचे आणि मॅजिस्ट्रेटने कुष्ठाश्रमात पाठवायचे. घरदार, जमीनजुमला असलेल्या रोग्याला या अटकेची भीती नव्हती. त्याच्यावर ठरावीक व्यवसायांची आणि सार्वजनिक विहिरींची बंधने तेवढी येऊ शकत, तीही सरकारने अधिसूचना काढली तर. जंतू माणसाची मिळकत पाहून चिकटतो, असे कोणत्याही वैद्यकाने म्हटले नव्हते.

उलट, 1890-91 मध्ये हिंदुस्थानभर फिरलेल्या कुष्ठरोग आयोगाने रोग संसर्गाने फारच थोडा पसरतो, सक्तीने वेगळे ठेवण्याचे समर्थन होत नाही, असा निष्कर्ष काढला होता. आयोग पाठवणाऱ्या लंडनमधल्या समितीला तो पटला नाही. 1897 च्या बर्लिन कुष्ठरोग परिषदेने विलगीकरणाची बाजू घेतली आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला. आयोगाचा अहवाल कपाटात गेला. मला यात वैद्यकीय मतभेदापेक्षा रस्त्यावरचे भिकारी हटवण्याची निकड जास्त दिसते. म्हणूनच नंतरच्या वैद्यकीय पुराव्याने कायदा हलला नाही. तो मुळात पुराव्यावर उभाच नव्हता.

वर्ध्यात दरम्यान वेगळेच चालले होते. 1936 मध्ये विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केले. 1939 मध्ये कुष्ठरोग झालेले परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले. गांधीजी स्वतः त्यांना मालिश करत. 1951 मध्ये गांधी स्मारक निधीने वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभारले. प्रतिष्ठानच्या डॉ. वर्देकरांनी घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री सेवाग्राम परिसरात राबवली. रोगी घरीच राहणार, डॅप्सोनच्या गोळ्या घेणार. 1955 च्या राष्ट्रीय कार्यक्रमाची घडण याच धर्तीची होती.

आणि त्याच 1955 मध्ये हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे एक कारण लिहिले गेले: तीव्र व असाध्य कुष्ठरोग, तोही तीन वर्षांपासून असलेला. एकच सरकार एका हाताने गोळी देत होते, दुसऱ्या हाताने असाध्य असा शिक्का मारत होते. 1976 च्या दुरुस्तीत तर तीन वर्षांची अट गेली, शिक्का राहिला.

आरोग्य खातेही काही फार चपळ नव्हते. डॅप्सोनला न जुमानणारे जंतू 1964 मध्ये सिद्ध झाले, पण जागतिक आरोग्य संघटनेने बहुऔषधी उपचाराची शिफारस केली ती 1981 मध्ये. डॅप्सोन स्वस्त, नव्या उपचारातले रिफाम्पिसिन महाग. शिवाय सारी यंत्रणा एकाच गोळीवर शिकलेली. भारतात हा नवा उपचार सर्वांत आधी सुरू झालेल्या जिल्ह्यांत वर्धा होता. पण खात्याला निदान विचारणारे होते, दरवर्षी रुग्ण मोजावे लागत होते. कायद्याच्या पुस्तकाला कुणीच विचारत नव्हते. सल्ला एकदा कलमात गेला की तो आरोग्य खात्याचा राहत नाही, आणि विधी खाते वैद्यकीय नियतकालिके वाचत नाही.

शेवटी जुनी कलमे काढण्याचे काम विधी आयोगानेच अंगावर घेतले. एप्रिल 2015 च्या 256व्या अहवालात त्याने 1898 चा कायदा रद्द करण्याची शिफारस केली. 2016 मध्ये तो रद्द झाला. विवाह कायद्यातले कलम 2019 मध्ये निघाले, बहुऔषधी उपचाराच्या शिफारशीनंतर तब्बल 38 वर्षांनी.