इन्क्रिमेंट लागली का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अब्बा गेल्यानंतर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी त्यांच्या सेवापुस्तकाची दुय्यम प्रत सापडली. अब्बा तालुक्याच्या एका कचेरीत कारकून होते. १९६४ साली चिकटले आणि १९९८ साली निवृत्त झाले. सेवापुस्तक म्हणजे नोकरदाराची जन्मपत्रिकाच. दर वर्षाची एक ओळ: तारीख, जुनं वेतन, नवं वेतन आणि साहेबाची सही. उसाला पेरं असावीत तशा त्या ओळी एकावर एक चढत गेलेल्या. १९८४ सालच्या जागी मात्र तांबड्या शाईत निराळीच ओळ होती. एक वार्षिक वेतनवाढ, पुढील वेतनवाढींवर परिणाम होईल अशा रीतीने, रोखण्यात येत आहे.

तेव्हा मी सातवीतून आठवीत गेलो होतो. घरात ‘वेतनवाढ’ हा शब्द कुणी वापरत नसे. अम्मी विचारायची, ‘‘इन्क्रिमेंट लागली का?’’ शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या अम्मीला हा इंग्रजी शब्द पक्का ठाऊक होता. नव्या चपला, छपराचे पत्रे, बहिणीची फी, सगळं त्या एका शब्दावर टांगलेलं असायचं. तुमच्याही घरात तो असेलच. हा शब्द आला कुठून आणि त्याचा खरा अर्थ काय, हे मला त्या तांबड्या ओळीनं शोधायला लावलं. आज त्या शोधाबद्दल सांगणार आहे.

लॅटिन भाषेत ‘क्रेस्केरे’ असं एक क्रियापद आहे. अर्थ अगदी साधा, वाढणं. रोप वाढतं, मूल वाढतं, चंद्र वाढतो, ते वाढणं. त्यापासून ‘इन्क्रिमेंटुम’ झालं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी व्हर्जिल या रोमन कवीनं आपल्या चौथ्या गोपगीतात हा शब्द वापरला आहे, तो जन्माला येणाऱ्या एका बालकासाठी. म्हणजे पगारपत्रकात जाऊन बसण्याआधी हा शब्द पाळण्यात होता. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला तो इंग्रजीत आला, तोही ‘वाढ’ एवढाच साधा अर्थ घेऊन.

त्याची भावंडं तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. संगीतातला चढत जाणारा ‘क्रेशेंडो’ त्याच कुळातला. सैन्यातला ‘रिक्रूट’, म्हणजे पुन्हा उगवलेला, तोही त्यांच्यातलाच. आपलं काँक्रीटसुद्धा त्याच घरचं. त्याचा मूळ अर्थ एकत्र वाढून घट्ट झालेलं. आणि सगळ्यात देखणं भावंड म्हणजे ‘क्रेसेंट’, चंद्रकोर. क्रेसेंट म्हणजे मुळात कोरीचा आकार नव्हेच, क्रेसेंट म्हणजे ‘वाढणारा’. लोक आकारालाच तो शब्द वापरू लागले आणि मग घटत्या कोरीलाही क्रेसेंट म्हणू लागले. पण इंग्लंडमधल्या सरदारांच्या कुलचिन्हांच्या शास्त्रानं हा भेद जपला आहे. तिथं वाढत्या चंद्राला ‘इन्क्रिसेंट’ म्हणतात आणि घटत्याला ‘डिक्रिसेंट’.

हे वाचलं आणि मला शिवछत्रपतींची राजमुद्रा आठवली. तिच्यातला चंद्र पौर्णिमेचा नाही, प्रतिपदेचा आहे. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी आणि जगाला वंद्य होणारी ही मुद्रा लोककल्याणासाठी शोभते, असा तिचा आशय आहे. ‘वर्धिष्णु’ हा तिच्यातला शब्द आणि लॅटिनमधला ‘वाढणारा’ यांची कधी गाठ पडली नसेल. पण दोन्ही भाषांना आभाळात एकच गोष्ट दिसली. माझ्या लहानपणी ईदचा चांद शोधायला सगळी गल्ली माडीवर चढायची, तेव्हा आम्ही जी नखाएवढी रेघ शोधत असू, तीही तीच. पूर्ण चंद्रापेक्षा माणसाला वाढणाऱ्या चंद्राचं अप्रूप जास्त. अजून व्हायचं आहे, या गोष्टीवर माणसाचा जीव असतो.

मग या शब्दाचं पुढे काय झालं? तो मोजमापाच्या हाती गेला. १७१५ साली ब्रूक टेलर या इंग्रज गणितज्ञानं वाढींच्या गणितावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच हा शब्द आहे. आता इन्क्रिमेंट म्हणजे नुसती वाढ राहिली नाही. ती मोजता येणारी, ठरावीक मापाची पायरी झाली. रोप कधी पायरी-पायरीनं वाढत नाही. पण हिशेब पायऱ्यांनीच होतो. आणि हिशेब आला की पाठोपाठ प्रश्न येतो, ही वाढ कुणाची?

हा प्रश्न ज्यानं ठणकावून विचारला तो जॉन स्टुअर्ट मिल स्वतः कारकून होता. १८२३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत लागला आणि १८५८ पर्यंत तिथंच होता. हिंदुस्थानकडे जाणारे खलिते लिहायचे, हे त्याचं काम. त्याचा बाप जेम्स मिल त्याच कचेरीत वरच्या हुद्द्यावर होता. १८४८ साली मिलचा अर्थशास्त्रावरचा मोठा ग्रंथ आला. त्याचं म्हणणं असं: गावाचं शहर झालं, रस्ते आले, वस्ती वाढली की जमिनीचा भाव चढतो. त्यात जमीनमालकाचे ना कष्ट, ना जोखीम. तो झोपेत श्रीमंत होतो. मग सगळ्या समाजानं मिळून घडवलेली ही वाढ करातून समाजाकडेच यायला नको का? पुढे या वाढीला ‘अनअर्न्ड इन्क्रिमेंट’ हे नाव रूढ झालं, म्हणजे न कमावलेली वाढ. आपल्याकडे सरकारनं दिलेली जमीन विकताना महसूल खातं ‘अनर्जित उत्पन्ना’तला हिस्सा मागतं. तो शब्द याच विचाराचा आपला नातेवाईक.

पण हाच विचार आपल्या दख्खनवर कसा उतरला, तेही पाहायला हवं. पेशवाई गेल्यावर पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं जमिनीची मोजणी केली. जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याचे ५५ टक्के सरकारनं घ्यायचे, असा त्याचा हिशेब होता. जेम्स मिल आणि त्याचे मित्र जमिनीच्या खंडाचा जो सिद्धान्त मांडत होते, तोच हा. कागदावर तो बिनचूक होता, शिवारात मात्र चुकला. सारा झेपेना, जमिनी ओस पडल्या, लोक गाव सोडून जाऊ लागले. अखेर १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी, हलक्या साऱ्याची मोजणी सुरू केली. हा सारा तीस वर्षं बदलायचा नाही, असं ठरलं.

तीस वर्षं सरली. मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली इंदापूरचा सारा पुन्हा ठरवताना सरकारनं तो भरघोस वाढवला. जमिनीचं मोल वाढलं, तेव्हा वाढीत सरकारचा वाटा, असं तर्कशास्त्र. पण युद्ध संपलं होतं आणि कापूस कोसळला होता. वाढ आली तशी निघून गेली, सारा मात्र वाढलेलाच राहिला. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. आपण त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतो. त्यामागे सावकारी होती, पडलेले भाव होते. वाढीव साऱ्याचं कारणही तेव्हापासून सांगितलं जातं.

आता खुद्द विलायतेत काय झालं ते ऐका. एप्रिल १९०९ मध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी अंदाजपत्रक मांडलं. म्हाताऱ्यांच्या पेन्शनला आणि लढाऊ जहाजांना पैसा हवा होता. त्यांनी जमिनीच्या न कमावलेल्या वाढीवर २० टक्के कर सुचवला, तोही जमीन विकली तर किंवा मालक वारला तर. उमराव खवळले. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या सभागृहानं अख्खं अंदाजपत्रकच फेटाळलं. १९१० या एका वर्षात दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या. अंदाजपत्रक मंजूर झालं आणि १९११ साली उमरावांच्या सभागृहाचे अधिकारही कापले गेले. एवढं सगळं होऊन तो कर टिकला किती? १९२० साली तो रद्द झाला. तेव्हा पंतप्रधान कोण होते? लॉइड जॉर्जच!

इंदापूरच्या शेतकऱ्याची वाढ घ्यायला एक मोजणीदार पुरला. उमरावांच्या वाढीतला पाचवा हिस्सा मागायला दोन निवडणुका लागल्या, तरी तो हातात राहिला नाही. आणि माझ्या अब्बांची दहा रुपयांची वाढ? तिला तांबड्या शाईची एक ओळ पुरली.

झालं होतं एवढंच, की कचेरीतली एक फाईल सापडेना. नोंदवहीत शेवटची सही अब्बांची होती. वर्षभरानं ती फाईल दुसऱ्याच कपाटात मिळाली, पण शेरा तसाच राहिला. अब्बांनी दोन अर्ज केले, मग गप्प बसले. सरकारी नियमांत वेतनवाढ रोखणं ही किरकोळ शिक्षांत मोडते. पण पुढच्या वाढींवर परिणाम होईल अशी ती रोखली, तर माणूस वेतनश्रेणीत कायमचा एक पायरी खाली राहतो. ही शिक्षा किरकोळ नव्हे, तिला रीतसर चौकशी हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं पंजाबातल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात स्पष्ट केलं, ते १९९० साली. अब्बांच्या शेऱ्यावर तोवर सहा वर्षांची धूळ बसली होती.

एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाचा आणखी एक निकाल आला. कर्नाटकातल्या वीज कंपनीचे काही कर्मचारी, ज्यांची वेतनवाढ निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी पडायची होती, न्यायालयात गेले होते. कंपनी म्हणे, माणूस नोकरीतच नाही, तर वाढ कसली? न्यायालयानं म्हटलं, ही वाढ सरलेल्या वर्षाच्या चांगल्या सेवेची आहे. ती त्यांनी कमावलेली आहे, ती द्या. ही बातमी वाचली तेव्हा मी सेवापुस्तक पुन्हा काढलं. म्हणजे १९८४ साली रोखलेली वाढ ही पुढच्या वर्षाची मेहेरबानी नव्हती. अब्बांनी सायकल हाणत, पावसापाण्यात, आधीच करून टाकलेल्या एका वर्षाची ती होती.

मी हिशेब करून पाहिला. निवृत्तीपर्यंत चौदा वर्षं, नुसते दहा-दहा रुपये धरले तरी १,६८० होतात. त्यावरचा महागाई भत्ता, प्रत्येक वेतन आयोगानंतरची वेतननिश्चिती, निवृत्तिवेतन हे सगळं धरत गेलो आणि कागद बाजूला ठेवला. ती न लागलेली वाढसुद्धा दरवर्षी वाढतच होती. अम्मीच्या कुटुंब निवृत्तिवेतनात ती आजही आहे.

मात्र एक गोष्ट या शोधात नव्यानं कळली, ती आपल्या बोलीची. इंग्रजीत इन्क्रिमेंट ‘दिली’ जाते. मराठीत आपण म्हणतो, इन्क्रिमेंट ‘लागली’. झाडाला आंबा लागतो, तशी. लॅटिनमधून निघून गणितात आणि कचेरीत वाळून गेलेला हा शब्द, माझ्या निरक्षर अम्मीनं आणि तुमच्या आयांनी पुन्हा झाडावर नेऊन ठेवला. आपल्या ‘वाढणे’ची तऱ्हा तर आणखी निराळी. मूल वाढतं आणि ताटात भातही वाढतात. नारळ फोडला तर तो ‘वाढवला’ म्हणतात आणि काकण फुटलं तर ‘वाढलं’. आमच्या घरच्या उर्दूतही जेवण आटोपून दस्तरखान उचलायचा तर ‘उठाओ’ म्हणत नाहीत, ‘बढ़ाओ’ म्हणतात. संपलं, फुटलं, असं घरात बोलू नये. म्हणून सरण्यालाही वाढणंच म्हणायचं.

त्या वर्षी रमजान जूनच्या शेवटी सरत होता. आभाळ भरलेलं, चांद काही दिसेना. माडीवर सगळे होते, अब्बा खाली जोत्यावर बसून होते. मग पलीकडच्या गल्लीतून ओरडा आला, दिसला म्हणून. मी धावत खाली गेलो आणि त्यांना हाताला धरून वर आणलं. तोवर ढग पुन्हा आले होते. अब्बा त्या ढगांकडेच बघत म्हणाले, ‘‘असू दे. आज नाही दिसला, तरी उद्या मोठा होऊनच दिसेल.’’

खाली अम्मीनं ताटं मांडली होती. नव्या कपड्यांचं कुणी विचारलं नाही. ती नेहमीसारखं एवढंच म्हणाली, ‘‘वाढू का?’’